देव दमला बघ

फॉर्म उघडून मी तो सहा वेळा बंद केला.

गुगल फॉर्म होता. नाव, वय, पत्ता, फोन, इथवर गाडी झकास जायची. पाचवा रकाना 'अनुभव'. त्याच्यापुढे लाल चांदणी, म्हणजे तो कोरा सोडून पुढे सरकता येत नाही. तिथे पोचलं की मला हमखास काहीतरी काम आठवायचं. गॅलरीतले कपडे काढायचे राहिलेत, अण्णांच्या रात्रीच्या गोळ्या द्यायच्यात. एकदा तर त्या रकान्यासमोरून उठून मी फ्रिज डीफ्रॉस्ट केला, जे काम दिवाळीपासून टाळत होते.

झालं असं की पुण्यातल्याच एका नाट्यसंस्थेला मुलांच्या नाटकासाठी बाहुल्या चालवणारी माणसं हवी होती. ऑडिशन रविवारी सकाळी दहाला, सदाशिव पेठेत. मेसेज मला एका मैत्रिणीने पाठवला, खाली फक्त 'तू??' असं लिहून. दोन प्रश्नचिन्हं होती. एक तिचं आणि एक माझं, असं मी धरलं. मेसेजात लिहिलं होतं की बाहुल्या मोठ्या आहेत, एकेक बाहुली तिघांनी मिळून चालवायची आहे, अभिनयाचा अनुभव असलाच पाहिजे असं नाही. आणि मग ते वाक्य: 'आवाज काढू नये. घरातली कोणतीही एक वस्तू आणा आणि टेबलावर तीन मिनिटं जिवंत ठेवा.'

'जिवंत करा' म्हणाले असते तर मी इतकी अडकले नसते. 'जिवंत ठेवा' म्हटल्यावर उगाच जबाबदारी आल्यासारखं वाटलं. कुणाचं तरी बाळ सांभाळायला घेतल्यासारखं.

आता माझं भांडवल सांगते. वय ४८. एका शाळेच्या ऑफिसात फीचे हिशेब बघते. आठ वर्षांपूर्वी शनिवार-रविवारचं एक बाहुली-शिबिर केलं, तेही लेकीला सोबत म्हणून. लेकीने दुसऱ्या दिवशी जायचं नाकारलं, आणि पैसे भरलेत म्हणून मी एकटी गेले. तिथे अण्णांच्या एका जुन्या माकडटोपीची मी बाहुली केली. टोपीच्या तोंडाच्या भोकाशी आतून पुठ्ठा चिकटवून जबडा केला, कोटाची दोन बटणं डोळे म्हणून शिवली, आणि 'कानटोपेकाका' जन्माला आले. हे गृहस्थ आमच्या सोसायटीच्या गणपतीत गेली आठ वर्षं पार्किंग, लिफ्ट, पाण्याचा टँकर आणि तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा यांवर जाहीर टीका करतात. जे मी मीटिंगमध्ये कधी तोंडातून काढणार नाही ते काका माइकवर बोलतात, आणि ज्यांच्याबद्दल बोलतात तेच पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात.

त्या शिबिरात शिकलेल्या दोन गोष्टी मात्र अंगात मुरल्या. पहिली जबड्याची. नवखा माणूस बाहुलीला बोलतं करताना वरची चार बोटं उडवतो, त्यामुळे प्रत्येक शब्दाला बाहुलीचं डोकं मागे पडतं. शिकवणारे सर म्हणाले, "तुम्ही बोलताना तुमची कवटी उडते का? खालचा जबडा पडतो. अंगठा खाली पाडा." मग त्यांनी आम्हाला 'कमळ' म्हणायला लावलं. लिहिताना अक्षरं तीन, पण आपण म्हणतो क-मळ, म्हणजे अंगठा दोनदाच पडायला हवा. आणि मधल्या 'म'ला तोंड पुरतं मिटलं नाही तर ते कमळ राहत नाही, नुसती उघडझाप होते. मी महिनाभर बसमध्ये पर्सच्या आड अंगठा पाडत बसले होते. स्वार-गेट. ना-ना-पेठ. दुसरी गोष्ट डोळ्यांची. बटणं नाकाकडे किंचित सरकवून शिवली की बाहुली कुणाकडे तरी बघतेय असं वाटतं. सरळ शिवली तर ती स्टॉपवर उभी राहून दोन्ही बाजूंच्या बसेसची वाट बघत असल्यासारखी दिसते.

तर इतकंच. आणि ऑडिशनमध्ये आवाज काढायचा नाही, म्हणजे कानटोपेकाका बाद. माझ्याकडे जी एक गोष्ट बरी होती तीच त्यांनी दारात काढून ठेवायला सांगितली होती.

नकाराची कारणं माझ्याकडे तयार होती. पहिलं आणि सगळ्यात सोज्वळ कारण म्हणजे खांदा. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. ब्लाउजचा हूक, वरच्या फळीवरचा डबा, रिक्षातला दांडा, सगळं एकदम परक्या मुलखात गेलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला. मुंगी चढते तसं एकेक बोट वर न्यायचं, जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि तारीख लिहायची. आमच्या बेडरूमच्या त्याच भिंतीवर लेकीच्या उंचीच्या खुणा आहेत, पहिलीपासून दहावीपर्यंतच्या. तिच्या खुणा भराभर वर गेल्यात. माझ्या त्यांच्या शेजारून चढतायत, आठवड्याला अर्धं बोट. ती चौथीत जिथे होती तिथे मी मार्चमध्ये पोचले.

बाहुलीवाल्याचा हात डोक्याच्या वर असतो, हे तर कुणीही सांगेल. पडद्यामागे बसायचं, हात वर धरायचा आणि वीस वीस मिनिटं तसाच ठेवायचा. झालं की मग. डॉक्टरांनीच नाही म्हटलंय. (डॉक्टरांना मी विचारलं नव्हतं.)

दुसरं कारण वयाचं, पण त्यावर फार बोलण्यासारखं नाही. ते सगळ्यांकडेच असतं.

तिसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मला लोकांनी माझ्याकडे बघितलेलं सोसत नाही. वाढदिवसाला केक कापतानासुद्धा मी सुरी लेकीच्या हातात देते. बाहुल्या मला आवडायच्या त्या नेमक्या याचसाठी की त्यांच्यामागे लपता येतं. सोसायटीच्या कार्यक्रमात माझ्यापुढे टेबल असतं, टेबलावर चादर, आणि चादरीमागे मी मांडी घालून बसलेली. खुद्द मला तिथे कुणी बघत नाही. हे मला पात्रतेसारखंच वाटत आलं होतं: मी लपण्यात तरबेज आहे, म्हणजे मी या कामाची आहे.

मग, टाळाटाळीचाच एक प्रकार म्हणून, मी रात्री यूट्यूबवर बाहुल्या बघायला लागले.

जपानच्या बुनराकूत एक बाहुली तिघे चालवतात, आणि तिघेही प्रेक्षकांसमोर उभे असतात. दोघांच्या तोंडावर काळी टोपडी असतात, पण जो मुख्य, ज्याच्या हातात बाहुलीचं डोकं आणि उजवा हात, त्याचा चेहरा बऱ्याचदा उघडा असतो. तिथली जुनी रीत सांगतात की आधी दहा वर्षं पाय चालवायचे, मग दहा वर्षं डावा हात, तेव्हा कुठे डोकं हाती येतं. मी हिशेब केला. आत्ता सुरुवात केली तर ६८ व्या वर्षी मला डोकं मिळेल. नवरा म्हणाला, "तेव्हा तरी मिळो."

लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये २००७ साली आलेल्या एका नाटकातला घोडा पाहिला. केप टाउनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने केलेला, वेताच्या आणि कापडाच्या आरपार दिसणाऱ्या अंगाचा. एक माणूस बाहेर, डोक्यापाशी. दोघे पोटात, एक पुढच्या पायांचा, एक मागच्या. त्यांचे पाय, त्यांच्या पाठी, सगळं दिसतं. घोडा नुसता उभा असतो तेव्हासुद्धा पोटातला माणूस किंचित खालीवर होत असतो, म्हणजे घोडा श्वास घेत असतो. पहिला अर्धा मिनिट मी माणसं बघत होते. नंतर घोड्याने कान वळवला तेव्हा मी दचकून मागे सरले, आमच्याच सोफ्यावर.

आणि हे जपान-लंडन कशाला, आपला अर्धवटराव घ्या. शंभरी ओलांडलेला आहे तो. यशवंत पाध्ये यांनी बोलता केला, मग रामदास पाध्ये यांनी तो घराघरात नेला. लहानपणी टीव्हीवर बघताना पाध्ये चांगले शेजारी बसलेले दिसायचे, ओठ हलतात का म्हणून आम्ही भावंडं त्यांच्याकडे डोळे लावून बसायचो, आणि अर्धवटराव काहीतरी आगाऊ बोलला की त्यांचे ओठ बघायचं विसरून जायचो. राजस्थानचे भाट कठपुतळ्या नाचवतात तेव्हा तोंडात 'बोली' नावाची पिपाणी धरतात. बाहुली नुसती चिंचिंते, आणि ती काय म्हणाली ते ढोलकीवाला लोकांना सांगतो. म्हणजे आवाज काढायचा तर तोही शब्दांशिवाय. आपल्याकडे नाटकाच्या प्रमुखाला सूत्रधार म्हणतात, तो शब्दही बाहुल्यांच्या दोऱ्यांवरून आला असावा असं काही अभ्यासक मानतात.

चार वर्षांपूर्वी मालवणहून येताना आम्ही कुडाळजवळ पिंगुळीला थांबलो होतो. तिथल्या ठाकर समाजाने चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, तिन्ही जपलंय. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला पिंगुळी कळली. आम्हाला एकाने चामड्याची एक बाहुली दिव्यासमोर धरून दाखवली. हातात बघितली तर काळपट, कडक, पापडासारखी. दिव्याजवळ नेली की पडद्यावर मोठी होते, पडद्याला टेकवली की रेखीव होते. मी पडद्यापुढे उभी होते. लेक मात्र मागे गेली आणि तिथेच रमली. "आई, मागून जास्त मजा आहे. माणसाचं तोंड बघ," म्हणाली. ते तोंड मी बघितलं नाही. तेव्हा मला सावलीच बघायची होती.

थोडक्यात, दोन रात्रींत माझ्या लक्षात आलं की लपणं हा या धंद्यातला नियम नाहीच. बहुतेक ठिकाणी माणूस उघड उभा असतो. हे कळल्यावर मी फोन उशीखाली ठेवला आणि 'आता तर नाहीच' असं ठरवून झोपले. छान झोप लागली.

आता ती रात्र सांगायला हवी, कारण ती नसती तर हा मेसेज मी मैत्रिणीला हसरा चेहरा टाकून विसरून गेले असते.

आम्ही तेव्हा कसब्यात वाड्यात राहायचो. अण्णा एका कारखान्यात फिटर. वर्षभर फिटर, आणि भाद्रपदात कलाकार. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा हलता देखावा ते करायचे. ज्यांनी पुण्याचे हलते देखावे बघितले नाहीत त्यांच्यासाठी: माणसाच्या उंचीच्या मूर्ती, त्यांचे हात, माना, कधी जबडे हलतात, वरून कॅसेटवर संवाद, पडदा उघडतो, पाच-सात मिनिटांचा प्रसंग, पडदा बंद, गर्दी पुढे सरकते, नवी गर्दी आत. गौरी गेल्या की रात्रभर ही वर्दळ. त्या वर्षी देखावा होता जनाबाईचा. विठ्ठल जनीसोबत दळायला बसलाय.

अण्णांची करामत अशी होती की सगळ्या देखाव्याला मोटर एकच. जुन्या बाजारातून आणलेली, कुठल्याशा कूलरची. तिची गती कमी करायला सायकलचं मोठं चक्र आणि चेन. चक्र जात्याखाली, प्लॅटफॉर्मच्या आत. जातं फिरलं की खुंटा फिरायचा. खुंट्याला विठ्ठलाचा आणि जनीचा हात बांधलेला, दोघांच्या खांद्यात आणि कमरेत बिजागऱ्या. त्यामुळे खुंटा पुढे गेला की देव पुढे वाकायचा, जनी मागे रेलायची, आणि उलट. आपण दोन माणसं दळताना बघतोय असंच वाटायचं. अण्णांना त्याचा फार अभिमान. "माणसं दोन, मोटर एक," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आठव्या दिवशी संध्याकाळी पाऊस झाला, प्लॅटफॉर्मखाली पाणी शिरलं आणि मोटर जळाली. तो वास मला अजून ओळखता येतो. अण्णा दुसरी मोटर आणायला सायकलवर गेले. बाहेर रांग लागलेली, कार्यकर्ते घामाघूम. प्लॅटफॉर्मखाली जागा दीड फूट. मी पाचवीत होते आणि काडीपैलवान होते. कुणी सांगितलं, की मीच शिरले, ते आता आठवत नाही. खाली पोतं टाकलं, त्यावर उताणी झोपले, आणि नाकाच्या वर वीतभर असलेलं ते सायकलचं चक्र हाताने फिरवायला लागले.

वर अभंग सुरू झाला की फिरवायचं, पडदा पडला की थांबायचं. फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या यायच्या. ग्रीस, ओलं पोतं, जळकी मोटर. वर काय दिसतंय ते मला दिसत नव्हतं, पण हाताला कळत होतं. देव पुढे वाकला की चक्र हलकं व्हायचं, मागे रेलला की जड. तिसऱ्या-चौथ्या खेळाला उजवा हात भरून आला. मी वेग कमी केला, मग हात बदलला. त्या बदलण्यात चक्र क्षणभर थांबलं. वर अभंग चालूच होता. आणि गर्दीतून एका लहान मुलाचा आवाज आला, अगदी स्पष्ट:

"आई, देव दमला बघ."

त्यावर त्याची आई म्हणाली, "दमणारच की. केव्हाचा दळतोय."

मी खाली उताणी, ग्रीसने बरबटलेली, आणि मला इतका आनंद झाला की मी पुन्हा फिरवायला विसरले. नंतर प्रत्येक खेळात मी एकदा तरी देवाला दमवला. बारा वाजेपर्यंत. घरी गेल्यावर फ्रॉकच्या अवताराबद्दल आईने दोन धपाटे घातले.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

बुधवारी रात्री, फक्त गंमत म्हणून हं, मी स्वयंपाकघरातल्या वस्तू टेबलावर मांडल्या. पकड पहिली उचलली. तिची चोच लगेच होते, तिला काही करावंच लागत नाही. लेक पाणी प्यायला आली, क्षणभर बघून म्हणाली, "पकडीचा पक्षी अर्धा वर्ग आणेल." खरं होतं. झारा घेतला, तो नर्तकी झाला आणि तिथेच संपला. छत्रीचा वटवाघूळ झाला, पण तो छत्रीलाच सुचलेला होता, मला नाही. मग खुर्चीच्या पाठीवर अण्णांचा पंचा वाळत होता तो ओढला.

पंचा म्हणजे काहीच नाही. त्याला तोंड नाही, चोच नाही, पाय नाही. एका टोकाला सैल गाठ मारली, बाकीचा टेबलावर पसरला आणि गाठीखाली दोन बोटं घातली. हलवला तर तो हललेला पंचाच दिसत होता. दहा मिनिटं मी त्याला चालवत होते, नाचवत होते आणि माझा मलाच राग येत होता. कंटाळून हात तसाच ठेवला. हाताची बोटं गाठीखालीच होती, आणि मी सुस्कारा टाकला तसा पंचाही खाली बसला. किंचित, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी पुन्हा श्वास घेतला, बोटांना वर येऊ दिलं. सोडला, बोटं खाली. चार वेळा. पाचव्या वेळी श्वास घेतला आणि वर अडवून धरला, आणि त्या गाठीने काहीतरी ऐकलं. मी काही केलं नव्हतं, फक्त थांबले होते. लेक ग्लास हातात धरून उभी होती. "काय ऐकतोय तो?" तिने विचारलं.

काय ऐकतोय हे मला माहीत नव्हतं. पण ती 'तो' म्हणाली होती.

आणि याच वेळी एक गैरसोयीची गोष्ट लक्षात आली, ती लिहून टाकते. हे सगळं करताना माझं कोपर टेबलावर होतं. हात छातीच्या वर गेलाच नव्हता. टेबलावरच्या बाहुलीला, आणि तिघांनी चालवायच्या बाहुलीलाही, हात डोक्यावर धरावा लागत नाही, ती कमरेच्या-छातीच्या उंचीवरच चालते. मी दोन रात्री त्याचेच व्हिडिओ बघितले होते, तरीही खांद्याचं कारण मी नीट घडी घालून जपून ठेवलं होतं. मेसेजात तर पहिल्यापासून लिहिलेलं होतं: टेबलावर.

गुरुवारी ऑफिसातून आल्यावर अण्णांजवळ बसले. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच, धायरीला असतात. वय ७९. कान थोडे कमी, हात अजून पक्के. शेजारणीच्या मिक्सरचा कपलर बदलत बसले होते.

"अण्णा, तुम्हाला तो जनाबाईचा देखावा आठवतो का? मोटर जळली होती बघा."

"न आठवायला काय? बाराशे रुपयांचा फटका बसला मंडळाला."

"त्या रात्री जातं हाताने फिरवलं होतं."

"हो. तो खालच्या बिऱ्हाडातला पोरगा होता ना, बारकासा. त्याला घातला होता खाली."

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "अण्णा, मी होते खाली."

"तू? छे. तू कशाला? तू तर आईबरोबर हळदीकुंकवाला गेली होतीस." स्क्रू दातात धरून ते इतक्या खात्रीने म्हणाले की मला माझ्याच पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. आई नाही. फ्रॉक नाही. वाडा पाडून तिथे आता पार्किंगसह सहा मजले आहेत. तो खालच्या बिऱ्हाडातला मुलगा कुठे असेल कुणास ठाऊक, आणि असला तरी तो कदाचित म्हणेल, हो, मीच होतो. लहानपणीच्या किती गोष्टी आपण ऐकून ऐकून आपल्याच करून घेतो. तो वास, त्या उजेडाच्या पट्ट्या, हे कुणीतरी मला सांगितलं असेल का? आणि मी सहा दिवस ज्या एका गोष्टीच्या आधाराने त्या रकान्यापाशी घुटमळत होते, ती माझी नव्हतीच?

मी उठणार एवढ्यात अण्णांनी मिक्सरचं भांडं हाताने फिरवून बघितलं, आणि आपल्याशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "पोरगा चिवट होता. पण एक खोड. मध्येच हात बदलायचा. तेव्हा जातं अडखळायचं, देव मध्येच थांबायचा. मी मोटर घेऊन आलो तर बाहेरूनच कळलं मला. अरे, एकसारखं फिरवायला नको का?"

चाळीस वर्षांपूर्वीची तक्रार, पण फिटरचीच.

मी काही बोलले नाही. त्यांनी कपलर बसवला, मिक्सर चालू केला, आणि तो एकसारखा फिरतोय बघून समाधानाने बंद केला.

फॉर्मची मुदत शुक्रवारी रात्री बारापर्यंत होती. साडेअकराला मी सातव्यांदा तो उघडला. मला धीर आला होता म्हणावं तर तसं काही नव्हतं. छातीत धडधडत होतंच, आणि आजही सदाशिव पेठेतल्या त्या हॉलचा विचार केला की धडधडतं. सबबी मात्र एकेक करून संपल्या होत्या आणि नवीन सुचत नव्हत्या. वयाच्या रकान्यात ४८ लिहिलं. 'अनुभव' आला. आधी शिबिर लिहिलं, मग कानटोपेकाका लिहिले, ते वाचताना माझंच मला हसू आलं, दोन्ही खोडलं. मग लिहिलं: 'हलता देखावा. जात्याखालून. एक रात्र.' कुणाला काय कळणार आहे त्यातून? पण चांदणीला रकाना भरलेला हवा होता, तो भरला.

त्याखाली 'शारीरिक त्रास काही असल्यास' असा एक रकाना होता, त्याला चांदणी नव्हती. तिथे खांद्याचं सविस्तर लिहिलं, डावा-उजवा सकट. बारा वाजायला चार मिनिटं असताना 'सबमिट' दाबलं आणि नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस," आणि कूस वळला. मला वाटतं सकाळी त्याला ते आठवलं नसावं.

रविवारी सव्वाआठला मी धायरी फाट्यावर स्वारगेटच्या बसची वाट बघत उभी होते. पिशवीत पाण्याची बाटली, खांद्याला लावायचं मलम, आणि गाठ मारलेला तो. वाटेत गाठ सुटू नये म्हणून वरून रुमाल गुंडाळला होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला. मागून न्हाणीघरातून ओरडण्याचा आवाज येत होता.

"आई, आजोबा पंचा शोधतायत. आंघोळ करून आत उभे आहेत."

"कपाटात दुसरा आहे, तो दे."

"दिला. तो नको म्हणतायत. तोच पाहिजे म्हणे, अंगाला सवय झालीय."

बस आली होती. गर्दी होती, पण पुढच्या दारापाशी दांडा धरायला जागा दिसली.

"त्यांना सांग, दुपारपर्यंत येईल," मी म्हणाले आणि डाव्या हाताने दांडा धरून चढले.